राणीच्या पदरातले दाणे

एका राज्यात कोंबड्यांना मुलींची नावं होती, आणि कुठल्याही नावानं हाक मारा, सगळ्याच माना वर करत. त्या पूर्वी मुलीच होत्या. त्यातली एक राजकन्या, बाकीच्या तिच्या सख्या, गावातल्या लोकांच्या लेकी. कोण कोणती, ते कुणालाच कळत नव्हतं. या गोष्टीचा शेवट गोड आहे असं मी सांगणार नाही. ज्याला गोडच ऐकायचं असेल त्यानं आत्ताच उठावं, मी राग धरणार नाही.

राजाचं नाव उदयभान. माणूस वाईट नव्हता, पण एक खोड होती. जे आवडेल ते कोंडून ठेवायचं. मोर आवडला, करा पिंजरा. हरीण आवडलं, घाला कुंपण. एकदा कालकंठ नावाच्या मांत्रिकाची बोलकी साळुंकी त्याच्या बागेत उतरली. ती राजाला आवडली, तिथंच तिचं नशीब फुटलं. तिला सोन्याचा पिंजरा मिळाला आणि चांदीच्या वाटीत दाणे मिळाले. साळुंकी रोज म्हणे, "राजा, मला घरी जायचंय." राजा म्हणे, "इथं तुला काय कमी आहे?" त्याला खरंच कळत नव्हतं हो. मांत्रिक तिला शोधत आला तेव्हा पिंजऱ्यात ती मरून पडली होती आणि शेजारची वाटी दाण्यांनी भरलेली होती.

मांत्रिकानं वाटीकडे बराच वेळ पाहिलं. मग तो राजवाड्याच्या परसात गेला. तिथं राजकन्या शालवंती सख्यांबरोबर फेर धरून खेळत होती. त्यानं मूठभर राख फुंकली. फेर तसाच राहिला, फक्त फेरात आता कोंबड्या होत्या. त्याच घटकेला राजवाड्याचा परकोट ढासळला आणि परस थेट रानाला जाऊन मिळालं.

"राजा," मांत्रिक म्हणाला, "यांच्याभोवती भिंत घाल, कुंपण घाल, पिंजरा ठेव. पण जे काही एका जागी दुसरा सूर्योदय पाहील, त्याच्या आतली कोंबडी जन्माची कोंबडी होईल."

"आणि उःशाप?" राजानं विचारलं. राजेच ते. शापासोबत उःशाप मिळतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं.

"ज्या सांजेला उरलेल्या सगळ्या जणी, कुणी न हाकता, कुणी न धरता, आपल्या पायांनी घरी येतील आणि सूर्योदयापर्यंत एकत्र राहतील, त्या सकाळी त्या माणसं होतील. एकही बाहेर राहिली तर होणार नाहीत."

"उरलेल्या म्हणजे?"

"म्हणजे रान जवळ आहे," मांत्रिक म्हणाला आणि निघून गेला. तो पुन्हा कधी आला नाही. त्याला यायची गरजही पडली नाही.

पहिल्याच आठवड्यात प्रधानानं घोटाळा केला. त्याचीही लेक त्या फेरात होती. एक काळी कोंबडी आपलीच लेक आहे असं त्यानं मनाशी धरलं आणि तिला गुपचूप उचलून खजिन्याच्या खोलीत ठेवलं. दुसऱ्या सूर्योदयाला दार उघडलं तेव्हा ती दाणे टिपत होती. त्यानं लेकीचं नाव घेतलं. तिनं मान वर केली नाही. तिच्या डोळ्यांतलं माणूस निघून गेलं होतं. ती कुणाची लेक होती ते कधीच कळलं नाही. प्रधानानं पागोटं काढून ठेवलं आणि तो पुन्हा दरबारात बसला नाही.

त्यानंतर भिंतीचं नाव कुणी काढलं नाही. राजानं भालेकरी उभे केले, तर त्यांच्या भाल्यांना बुजून कोंबड्या रानात पांगल्या. कोंबड्या सगळीकडून नजरेस पडाव्यात म्हणून त्यानं परसातलं झाडन् झुडूप तोडवलं. तेवढी एक चिंच राहिली. परस तळहातासारखं मोकळं झालं आणि राजाला वाटलं, आता काळजी नाही. घारीला तरी याहून जास्त काय हवं होतं? भर दुपारी ती सावकाश उतरायची आणि पसंत पडेल ती उचलायची.

सकाळी परसात पिसं पडलेली दिसत. गावातल्या आया येत आणि ती पदरात गोळा करत. पीस कुणाच्या लेकीचं हे ठाऊक नसल्यामुळे सगळ्याच रडत. तांबटाची बायको रडे, कोष्ट्याची बायको रडे, आणि त्यांच्यात बसून राणी कुमुदवतीही रडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिसं असत.

पण राणीची एक गोष्ट निराळी होती, ती सांगायलाच हवी. तिला एक तांबडी कोंबडी सापडली होती. तांबडी सारखी तिच्या पायांत घोटाळायची आणि चोचीनं तिचा पदर ओढायची. शालवंतीला लहानपणापासून आईचा पदर ओढायची सवय. राणीनं ओळखलं, ही माझी लेक. तिनं हे राजालाही सांगितलं नाही. रोज पिसं गोळा करताना ती आधी रंग बघायची. तांबडं नाही असं दिसलं की तिच्या जिवात जीव यायचा, आणि मग ती बाकीच्या आयांच्या गळ्यात पडून रडायची. रडणं खोटं नव्हतं. पण सुटका झाल्यासारखं वाटायचं, तेही खोटं नव्हतं.

फेर विरळ होत गेला. शेवटी राजा म्हणाला, "ज्यांनी नेल्या त्यांनाच विचारतो, कशा नेल्या." आणि तो एकटा निघाला.

आधी तो घारीकडे गेला. उंच सुळक्यावर तिचं घरटं होतं. घार बोलली. त्या राज्यात घारी बोलत, फक्त त्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

"सांगते," घार म्हणाली. "तुझं छत्र मला दे, आणि भर दुपारी तुझ्याच परसाच्या मधोमध उभा राहा."

राजानं छत्र दिलं. परसाच्या मधोमध तो उभा राहिला. डोक्यावर सूर्य, पायाखाली तापलेली माती. एकाएकी एक सावली सरकन त्याच्या अंगावरून गेली. राजाचे पाय आपोआप पळायला निघाले आणि तिथंच थबकले, कारण जायला जागाच नव्हती. कुठं झुडूप नाही, कुठं आडोसा नाही.

"कळलं?" वरून घार म्हणाली.

"कळलं," राजा म्हणाला, आणि त्याचं तोंड उतरलं.

त्यानं परसभर करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरीची झुडपं लावली. जुन्या बाजा उभ्याआडव्या टाकल्या, मोडक्या गाड्या उलथ्या घातल्या. त्या राज्यातल्या मातीत झुडूप आठवड्यात कमरेला लागे. सावली दिसली की कोंबड्या जाळीत शिरू लागल्या. घार उपाशी राहू लागली. पण रात्री कोंबड्या जिथं बसत, तिथून पिसं येतच राहिली.

मग राजा उदमांजराकडे गेला. ते शिंदीच्या झाडावर राही आणि त्याचा आवाज फार मऊ होता.

"तुझा पलंग मला दे," उदमांजर म्हणालं. "तू गोठ्यात नीज. मी तुला शोधीन."

राजा गोठ्यात निजला. पहिल्या रात्री काहीच झालं नाही, फक्त कुणीतरी गोठ्याभोवती हळूहळू फिरत होतं. दुसऱ्या रात्री तो त्याच कोपऱ्यात निजला आणि उठला तेव्हा गालावर नखांचे ओरखडे होते. तिसऱ्या रात्री भीतीनं त्यानं जागा बदलली, वैरणीच्या गंजीशी जाऊन निजला. सकाळी गालावर नवा ओरखडा नव्हता.

"पहिली रात्र जागा शिकायला लागते," उदमांजर म्हणालं. "फट कुठं आहे, दगड कुठला हलतो, सगळं बघून ठेवावं लागतं. दुसऱ्या रात्री मी आत येतो. जे घर रोज जागा बदलतं, त्याला मी काय करणार?"

तेव्हा राजाच्या ध्यानात आलं. मांत्रिकाच्या शापातच वाट होती. एका जागी दुसरा सूर्योदय पाहील ते घातक. पण जे रोज उचलून दुसरीकडे ठेवलं जातं, त्याला शाप कुठं लागतो? इतक्या लेकी गेल्यावर हे सुचलं याचं त्याला इतकं वाईट वाटलं, की आनंद झालाच नाही.

राजा आणि राणीनं आपल्या हातांनी बांबूच्या कामट्यांचं डालगं विणलं. एवढं मोठं, की उपडं घातलं तर उरलेल्या सगळ्या कोंबड्या खाली मावाव्यात. कामट्यांनी राजाची बोटं कापली. राणीनं फटी दाबून दाबून बुजवल्या. दिवस मावळताना डालग्याची एक कड काठीवर टेकून उचलून धरायची, खाली दाणे टाकायचे, कोंबड्या शिरल्या की काठी काढायची आणि वर पाटा ठेवायचा. सकाळी डालगं उचलायचं, सांजेला नव्या जागी ठेवायचं. बेत चोख होता.

पण कोंबड्या आल्या नाहीत.

दोघी-तिघी रेंगाळत आल्या, दोन दाणे टिपले न टिपले आणि बाहेर पडल्या. बाकीच्यांनी तर पाहिलंही नाही. अंधारू लागलं तशा त्या चिंचेवर चढल्या आणि फांदीला ओळीनं बसल्या. राजानं हाका मारल्या, घसा बसला. धरता येत नव्हतं, हाकता येत नव्हतं. रोज सांजेला हेच. रोज सकाळी चिंचेखाली पिसं. हाताशी सगळं असून काही उपयोग नाही, यासारखा दुसरा छळ नाही बरं.

"कोल्हा राहिलाय," राजा म्हणाला. "त्याला विचारून येतो."

"या," राणी म्हणाली. तिला आता कशातच राम वाटत नव्हता. तांबडी तेवढी पायाशी होती.

कोल्ह्याची गुहा लांब होती. राजा सूर्योदयाला तिथं पोचला.

"तुझं ताट मला दे," कोल्हा म्हणाला. "आणि संध्याकाळपर्यंत इथं बस."

राजाजवळ शिदोरी होती, ती त्यानं दिली. तो दिवसभर गुहेच्या तोंडाशी बसून राहिला. दुपारी पोटात कावळे ओरडले, मग तेही ओरडायचे थांबले. ऊन कललं तेव्हा कोल्ह्यानं विचारलं, "राजा, आता कुठं जावंसं वाटतं?"

"घरी," राजा म्हणाला.

"सकाळी पोटभर जेवून बसला असतास तर?"

"इथंच आडवा झालो असतो."

"तुझ्या कोंबड्याही तेच करतात. दुपारी त्यांची पोटं तुडुंब भरलेली असतात. मग तुझ्या चार दाण्यांसाठी कोण येणार? त्या फांदीवर बसतात, झुंजुमुंजूला खाली उतरतात, आणि मी खाली असतोच."

"पण दुपारी त्यांना दाणे टाकतं कोण?"

"ते मला काय विचारतोस? तुझ्या घरातलं तू बघ," कोल्हा म्हणाला. मग उठून त्यानं आळस दिला. "तुझी शिदोरी बरी होती, पण थंड होती. चल, मी निघतो." आणि तो राजवाड्याच्या वाटेला लागला.

राजाही उठला आणि त्याच्यामागं धावला. उपाशी पोटी, ठेचा खात, काट्यांतून धावला. पण कोल्ह्याला चार पाय होते आणि वाटही पाठ होती. राजा परसात पोचला तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं आणि चिंचेखाली पिसं पडली होती. चितकबरी, पांढरी आणि करडी.

आया जमल्या. राणीनं एक पीस उचललं, रंग पाहिला आणि डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग ती बाकीच्यांत बसून रडू लागली. राजानं तो श्वास ऐकला. सगळ्या गेल्यावर तो तिच्याजवळ आला.

"राणी, दुपारी कोंबड्यांना दाणे कोण टाकतं?"

राणीनं पदर घट्ट धरला. पदरात भिजवलेली बाजरी होती, गुळाचे खडे होते, तांदळाची कणी होती.

"मी," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज. महाराज, माझी लेक उन्हातान्हात मातीत चोच मारत फिरते. तिनं उपाशी फिरावं आणि मी बघत बसावं का? आणि एकीलाच कसं देऊ? बाकीच्याही कुणाच्या तरी लेकीच आहेत. सगळ्यांना देते, पोटभर देते. माझ्या हातात दुसरं काय आहे?"

राजानं तिला कोल्ह्याचं बोलणं सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. राणीनं सगळं ऐकलं, मग पदर सोडून तिनं सगळे दाणे राजाच्या ओंजळीत ओतले.

"आजचा दिवस मला परसात बसू द्या," ती म्हणाली. "मला हे शिकायला हवं."

ती बसली. स्वतःही काही खाल्लं नाही. दुपार झाली, नेहमीची वेळ झाली आणि कोंबड्या तिच्याभोवती गोळा झाल्या. त्या आता फार थोड्या होत्या. पायाशी फिरल्या, माना वाकड्या करून तिच्याकडे बघू लागल्या. तांबडीनं तिचा पदर ओढला. राणी हलली नाही. तांबडीनं पुन्हा ओढला, तिच्या जोडव्यावर चोच मारली, मांडीवर चढून रिकाम्या तळव्यात चोच घातली. राणीनं हात पाठीमागं नेले. त्या दिवशी ती जेवढी रडली तेवढी कुठल्याच सकाळी रडली नव्हती. कोंबड्या कंटाळल्या आणि किडामुंगी उकरायला पांगल्या.

दिवस कलला. राजानं डालगं नव्या जागी मांडलं, काठी टेकवली. राणीनं खाली बाजरीची ओंजळ टाकली आणि बाजूला सरून हाक दिली, "तीऽ तीऽ तीऽ, या गं बायांनो."

आणि त्या आल्या. जाळीतून आल्या, उलथ्या गाडीखालून आल्या, धावत आल्या. मान पुढं काढून, पंख अर्धवट पसरून, पोरी जेवायला धावतात तशा आल्या. एकीवर एक कोसळत डालग्याखाली शिरल्या आणि दाणे टिपू लागल्या. एक पांढरी तेवढी चिंचेच्या बुंध्याशी थबकली, वर फांदीकडे पाहिलं. राणीनं पुन्हा हाक मारली. पांढरीनं फांदीचा नाद सोडला आणि तुरुतुरु आत गेली. राजानं काठी काढली, वर पाटा ठेवला. कुणी हाकली नव्हती, कुणी धरली नव्हती.

कोल्हा आला, त्यानं डालग्याला एक वेढा घालून हुंगलं आणि तो परत गेला. उदमांजर जागा शिकत फिरलं. राजा-राणी डालग्याला टेकून बसली होती. आतून झोपेतली कुरकुर येत होती आणि राणी तांबडीचा आवाज ओळखायचा प्रयत्न करत होती.

उजाडलं. गावातल्या आया आल्या. सूर्याची कड दिसली आणि डालग्याखालून मुलीच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "अगं सरक, पाय दुखतोय माझा."

राजानं डालगं उचललं. गुडघ्यांत डोकी घालून, एकमेकींना चिकटून मुली बसल्या होत्या. केसांत काडीकचरा, हातपाय धुळीनं माखलेले. एकेकीनं डोकं वर केलं आणि एकेका आईच्या तोंडून नाव फुटलं. कोष्ट्याच्या बायकोला तिची लेक मिळाली. कुणाला मिळाली, कुणाला नाही. ज्यांना नाही मिळाली त्या दुसऱ्यांच्या मुलींच्या केसांतला कचरा काढू लागल्या.

राणी एकेक चेहरा बघत पुढं गेली. शेवटी तांबड्या परकराची एक मुलगी राहिली, पाठमोरी. राणीनं तिला खांद्याला धरून वळवलं. ती तांबटाची भिवरा होती.

"तू तांबडी होतीस?" राणीनं विचारलं.

"हो, राणीसाहेब."

"माझा पदर ओढायचीस."

"त्यात दाणे असायचे," भिवरा म्हणाली. तिला यात काही वावगं वाटलं नाही.

राणीनं तिचा खांदा सोडला. तांबटाची बायको लेकीला कवटाळायला धावली होती, ती दोन पावलांवर थांबली.

"शालवंती?" राणी म्हणाली. "शालवंती कोणती होती गं?"

भिवरानं आईकडे पाहिलं, मग राणीकडे.

"चितकबरी. कालपर्यंत होती आमच्यात."

मग राणीनं विचारलं. आईच ती, दुसरं काय विचारणार?

"उपाशी तर नव्हती ना गं गेली?"

"नाही, राणीसाहेब," भिवरा म्हणाली. राणीला बरं वाटावं म्हणूनच म्हणाली बिचारी. "परवा सांजेला मी तिला म्हटलं होतं, चल, डालगं मांडलंय. ती म्हणाली, माझं पोट भरलंय, आईनं पोटभर दिलंय. मग ती फांदीवर जाऊन निजली."

शाप सुटला. परकोट पुन्हा उभा राहिला, पण राजानं त्याच्या वेशी कायमच्या उघड्या ठेवल्या. राज्यातले पिंजरे मोडले, त्यांच्या कामट्यांची डालगी झाली. घारीनं छत्र परत केलं नाही आणि ते कुणी मागितलंही नाही. त्या राज्यात आजही साध्या, जन्माच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात, जाळीझुडपांत लपतात, सांजेलाच दाणे खातात आणि रोज नव्या जागी निजतात. पिसं क्वचितच सापडतात. सगळं सुरळीत चाललंय, असंच म्हणायला हवं.

राजवाड्याच्या परसात दिवस मावळताना राणी स्वतः हाक देते. कोंबड्या धावत येतात, सगळ्या आत शिरतात. राजा काठीला हात घालतो तेव्हा राणी म्हणते, "थांबा जरा." राजा थांबतो. राणी चिंचेकडे पाहत राहते. मग ती मान हलवते आणि राजा काठी काढून घेतो.